साप नव्हता हे कळल्यावर



दोरी आणि सापाचा दृष्टान्त मी कीर्तनात चाळीसहून अधिक वर्षे सांगितला. तुम्हीही तो अनेकदा ऐकला असेल. तिन्हीसांजेला वाटेत दोरी पडलेली असते. माणसाला तो साप वाटतो. तो दचकतो, ओरडतो, घामाघूम होतो. कोणी दिवा आणतो, उजेडात दोरी दिसते आणि साप नाहीसा होतो. इथवर आलो की मी टाळकऱ्यांकडे पाहत असे, गजर होई आणि मी अभंगाच्या पुढच्या चरणाकडे वळत असे. दृष्टान्त तिथे संपला, असे मला वाटे.

तो तिथे संपत नाही, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळले आणि तेही औषधाच्या एका गोळीमुळे. दिवा आणला, दोरी दिसली, हे खरे. पण त्या माणसाचे पाऊल दोरीवरून पलीकडे पडले का? हा प्रश्न मी कधी कोणाला विचारला नाही आणि स्वतःलाही विचारला नाही. आज तो तुमच्यापुढे ठेवतो. भीतीचे कारण खोटे ठरल्यावरही भीती का उरते? आणि ती उरली तर माणसाने काय करावे?

घडले ते आधी सांगतो.

मी नऊ वर्षांचा असताना घसा सुजून ताप आला. गावच्या डॉक्टरांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ उठले. डॉक्टरांनी आईला सांगितले, "याला पेनिसिलिनची रिॲक्शन येते. पुन्हा कधी देऊ नका, जिवावर बेतेल." आईला लिहिता येत नव्हते. तिने शाळेतल्या मास्तरांकडून माझ्या हरिपाठाच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर ते वाक्य लिहून घेतले. पुढे पुस्तक फाटले, तेव्हा तिने ते पान नव्या पुस्तकाला शिवले. मी वारीला निघालो की ती विचारी, "हरिपाठ घेतलास का?" त्या विचारण्यात भक्ती किती आणि त्या पानाची काळजी किती, हे मला कधी कळले नाही. आई गेली, पण ते पान राहिले. पासष्ट वर्षे मी प्रत्येक डॉक्टरला तेच वाक्य सांगत आलो.

गेल्या काही वर्षांत माझा डावा पाय धरू लागला. भेगेतून जंतू शिरतो, पाय लाल होतो, सुजतो, तापतो, थंडी वाजून ताप भरतो. जुनी माणसे याला धावरे म्हणत. चालणाऱ्या वारकऱ्याला हा आजार ओळखीचा आहे. यावर पेनिसिलिनच्या जातीची औषधे चांगली लागू पडतात. मला ती चालत नाहीत म्हणून दुसरे औषध दिले. पाय उतरला, पण जुलाबांनी मी इतका खंगलो की लोणंदहून मला गाडीत घालून घरी आणले. माउलींची पालखी तरडगावकडे निघाली आणि मी उलट्या दिशेने. पन्नास वर्षांत पहिल्यांदा वारी अर्धी राहिली.

त्यानंतर पुण्यातल्या एका डॉक्टरबाईंनी मला खुर्चीत बसवून सगळी हकिकत विचारली. पुरळ किती वेळाने उठले? धाप लागली होती का? ओठ, जीभ, घसा सुजला होता का? चक्कर आली होती का? मला जेवढे आठवत होते आणि आईकडून जेवढे ऐकले होते, तेवढे सांगितले. त्या म्हणाल्या, "महाराज, त्या वेळच्या डॉक्टरांनी सावध केले ते योग्यच केले. पण लहान मुलाला जंतूचा किंवा विषाणूचा ताप आला की त्या तापानेच पुष्कळदा पुरळ उठते आणि नाव औषधाचे होते. आपण तपासून पाहू."

इथे थोडी माहिती देतो, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1928 मध्ये लंडनमध्ये बुरशीतून पेनिसिलिनचा शोध लावला. फ्लोरी आणि चेन यांनी ते औषध म्हणून वापरता येईल असे केले आणि 1945 मध्ये तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. तुकोबारायांची पालखी आकुर्डीहून पुण्याकडे येताना पिंपरीवरून जाते. त्याच पिंपरीत 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हे औषध बनवण्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. या औषधाने असंख्य जीव वाचवले. मात्र थोड्या लोकांना त्याची खरी ॲलर्जी असते आणि ती कधी कधी प्राणघातक ठरते, हेही तितकेच खरे आहे.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत शंभरांतल्या सुमारे दहा जणांच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते. पण त्यांची नीट तपासणी केली की दहांतल्या नऊ किंवा त्याहून अधिक जणांना ते औषध चालते, असे दिसून आले आहे. कोणाला मुळात ॲलर्जी नव्हतीच. कोणाला नुसती मळमळ झाली होती. कोणाच्या वडिलांना ॲलर्जी होती म्हणून मुलाच्याही नावावर लिहिली गेली. आणि ज्यांना खरोखर होती, त्यांच्यापैकीही दहांतल्या आठ जणांची ती दहा वर्षांत ओसरते. म्हणजे कागदावरचा साप बहुतेक वेळा दोरीच असतो. बहुतेक वेळा म्हटले, नेहमी नव्हे. म्हणून दिवा हवा.

तो दिवा असा. माझ्या हातावर थेंब टाकून बारीक टोचले. एका थेंबात नुसते मिठाचे पाणी होते, एकात गांधी उठवणारा पदार्थ होता आणि बाकीच्यांत औषध. थोड्या वेळाने एका जागी गांध उठली आणि मी म्हणालो, "पाहा, आली!" डॉक्टरबाई हसल्या. ती उठायलाच हवी होती. तुमची कातडी उत्तर देते की नाही, हे पाहण्यासाठीच तो थेंब टाकला होता, असे त्यांनी सांगितले. औषधाच्या जागा कोऱ्या होत्या. मग कातडीच्या आत थोडेसे औषध टोचले, तरी काही नाही. शेवटी ॲमॉक्सिसिलिनची गोळी दिली आणि तासाहून अधिक वेळ समोर बसवून ठेवले. माझ्या घशाला खाज सुटली. त्यांनी घसा पाहिला, नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. सगळे ठीक होते. थोड्या वेळाने खाजही गेली. त्यांनी कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून दिले की यांना पेनिसिलिनची ॲलर्जी नाही. पाय पुन्हा धरू नये म्हणून पेनिसिलिनची लहान मात्रेची गोळी रोज दोनदा, काही महिने, अशी चिठ्ठी दिली.

मी घरी आलो. गोळ्या देवघराच्या कोनाड्यात ठेवल्या. आणि तिथेच राहू दिल्या.

सात-आठ दिवसांनी सूनबाई म्हणाली, "मामा, मी पाकीट पाहिलं. एकही गोळी कमी झालेली नाही."

मी म्हणालो, "पांडुरंगाच्या मनात असेल ते होईल, बाई."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "मामा, लोणंदहून माघारी आलात, तेव्हा ते पांडुरंगाच्या मनात होतं असं तुम्ही म्हणाला नाहीत. तेव्हा औषधाला नावं ठेवलीत."

माउली, चाळीस वर्षे व्यासपीठासमोर उभे राहून मी लोकांना विश्वास शिकवला आणि त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. मी भीतीला भक्तीचा अंगरखा घातला होता. मला गोळीची भीती वाटत होती. पण 'मी घाबरतो' असे म्हणायला कीर्तनकाराची जीभ वळेना, म्हणून मी देवाचे नाव पुढे केले. देवाचे नाव घेण्यासारखे पुण्य नाही, असे आपण मानतो. पण ते नाव आपल्या भित्रेपणावर पांघरूण म्हणून घ्यावे का? त्या रात्री मला झोप आली नाही. जे लिहीत आहे, ते त्या रात्रीपासून मनात घोळत राहिलेले आहे.

पहिला प्रश्न माझ्या मनात आला तो असा. 'पेनिसिलिन चालत नाही' हे वाक्य मी एकदाच ऐकले. कोणतीही तपासणी न होता ऐकले आणि पासष्ट वर्षे मानले. 'चालते' हे वाक्य तीन प्रकारच्या तपासणीनंतर ऐकले आणि आठ दिवसही मानले नाही. दोन्ही वाक्ये डॉक्टरांचीच. मग एकाला इतका मान आणि दुसऱ्याला इतका संशय का? आपल्या शास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द अशी प्रमाणे सांगितली आहेत. पहिल्या वाक्यामागे एका पुरळावरून काढलेले अनुमान होते. दुसऱ्यामागे माझ्याच हातावर, माझ्याच डोळ्यांदेखत घडलेले प्रत्यक्ष होते. प्रत्यक्षापुढे दुबळे अनुमान टिकत नाही, हे मी पाठशाळेत शिकलो होतो. तरी मन अनुमानाच्या बाजूने उभे राहिले.

याचे एक कारण समजण्यासारखे आहे. सापाला दोरी समजलो तर प्राण जातात. दोरीला साप समजलो तर फक्त वळसा पडतो. म्हणून जीव नेहमी सापाच्या बाजूने कौल देतो. ही मूर्खता नव्हे, हे जिवाचे रक्षण आहे. घाबरणाऱ्या रोग्याला जे हसतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे. भीती ही घराच्या दाराशी बसलेली म्हातारी आहे. तिने पूर्वी कोणाला तरी आत येऊ दिले नाही, म्हणून घर वाचले असेल.

पण वळसा फुकट पडतो, हा समज चुकीचा आहे. पेनिसिलिन टाळले की पुष्कळदा त्याहून सरसकट मारा करणारी औषधे द्यावी लागतात. ती आतड्यातल्या उपयोगी जंतूंनाही मारतात आणि मग हटवादी जुलाब मागे लागतात. औषधांना दाद न देणारे जंतू त्यांतूनच वाढतात आणि त्यांचा त्रास एकट्या रोग्याला होत नाही, शेजारच्या खाटेवरच्यालाही होतो. सांध्यांच्या तापाने ज्या लेकरांच्या हृदयाची झडप धरते, त्यांना तीन-चार आठवड्यांनी एक असे पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. अशा घरात कोणी जुन्या, न तपासलेल्या गोष्टीवरून ते थांबवले, तर तो वळसा त्या लेकराच्या हृदयावरून जातो. माझा वळसा लोणंदवरून गेला. मी स्वस्तात सुटलो.

दुसरा प्रश्न त्याहून खोल आहे. कळले, पटले, तरी अंग का थरथरते? मी पुन्हा पंचदशी उघडली. विद्यारण्यस्वामींनी तृप्तिदीप या सातव्या प्रकरणात या दोरीचाच विचार केला आहे. दोरी कळल्यावरही कंप एकदम थांबत नाही, तो हळूहळू निवतो, असे ते सांगतात. इतकेच नव्हे, तर अंधूक उजेडात तीच दोरी पुन्हा समोर टाकली, तर क्षणभर पुन्हा साप भासू शकतो, हेही ते मान्य करतात. आणि एवढ्याने झालेले ज्ञान नष्ट होत नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. हा भाग मी विद्यार्थीदशेत पाठ केला होता. पण तो सगळा प्रारब्धाच्या चर्चेत ठेवून दिला होता. माझ्या घशाच्या खाजेशी त्याचा संबंध असेल, असे कधी वाटले नव्हते.

ती खाज खोटी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. डॉक्टरबाईंनी मला सांगितले की काही ठिकाणी अशा तपासणीत आधी औषध नसलेली साधी गोळी देतात आणि तिनेही काही जणांना खाज सुटते, छातीत धडधडते. ती माणसे सोंग करत नाहीत. अंगाला जे शिकवले गेले, ते अंग म्हणून दाखवते. बुद्धीला एका वाक्यात कळते, अंगाला कळायला दिवस लागतात. तेव्हा माउली, तपासणीनंतरही तुमचा हात थरथरला तर स्वतःला अडाणी म्हणू नका आणि घरातला कोणी थरथरला तर त्यालाही म्हणू नका. कंप हा अज्ञानाचा पुरावा नाही. पण कंप हा साप असल्याचाही पुरावा नाही. ही दोन वाक्ये एकत्र धरून ठेवणे हेच अवघड आहे.

तिसरी गोष्ट बोलायला मला जड जाते. त्या पानावर आईचा शब्द होता. गोळी घेणे म्हणजे आई चुकली असे म्हणणे, असे मला आत कुठेतरी वाटत होते. ती पासष्ट वर्षांची भीती तिच्या मायेत भिजलेली होती. भीती टाकली तर माया टाकल्यासारखे होईल का? पुष्कळ घरांत औषधाची, खाण्यापिण्याची, रानातल्या वाटेची अशी बंधने असतात. ती आपण कारणासाठी पाळत नाही, ज्याने सांगितले त्याच्यासाठी पाळतो. मी यावर बराच विचार केला. आज्ञेत दोन भाग असतात, एक शब्द आणि दुसरा हेतू. आईचा शब्द 'पेनिसिलिन घेऊ नकोस' असा होता. तिचा हेतू 'माझे लेकरू जगावे' असा होता. जोवर दोन्ही एका दिशेला होते, तोवर शब्द पाळणे म्हणजेच हेतू पाळणे होते. दिवा आल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ती आज असती आणि डॉक्टरबाईंचे ऐकते, तर तिनेच पाण्याचा तांब्या पुढे केला असता. याबद्दल मला शंका नाही.

मग विश्वास यावा कसा? तो मनाशी घोकून येत नाही. मी आठ दिवस घोकत होतो. न्यायशास्त्रात याचे एक साधे उत्तर आहे. समोर पाणी दिसते. ते खरे पाणी की मृगजळ, हे लांब उभे राहून वाद घालून ठरत नाही. जवळ जाऊन ओंजळ भरली आणि तहान भागली, तर ते ज्ञान खरे. ज्ञानाने प्रवृत्त होऊन केलेली कृती सफल झाली, म्हणजे त्या ज्ञानाची खात्री पटते. म्हणजे खात्री आधी आणि कृती नंतर, असा क्रम नेहमी नसतो. पुरेसे प्रमाण मिळाले की पाऊल टाकायचे असते आणि खात्री मागून चालत येते.

गीतेतही हेच आहे. चौथ्या अध्यायाच्या शेवटी भगवंत अर्जुनाला संशय ज्ञानाच्या तलवारीने तोडायला सांगतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत, लगेच उठून उभे राहायला सांगतात. आणि अठराव्या अध्यायात अर्जुन संशय फिटल्याचे सांगतो, तेव्हा सांगितलेले करण्याची तयारीही त्याच दमात बोलून दाखवतो. न उठलेल्या माणसाचा संशय फिटला की नाही, हे कोणाला कळणार? त्याचे त्यालाही कळत नाही.

मात्र कोणी म्हणेल, देवावर ठेवतो तसाच विश्वास औषधावर ठेवायचा का? नाही. आणि दोन्ही एकमेकांत मिसळले की दोन्हींचा घात होतो. पांडुरंगावरची श्रद्धा आपण हातावर थेंब टाकून तपासत नाही. औषधावरचा विश्वास मात्र तपासूनच ठेवावा आणि तपासल्यावर ठेवावाच. डॉक्टरबाईंनी मला हमी दिली नव्हती. 'यापुढे कधी काही होणारच नाही असे मी म्हणत नाही. इतर कोणालाही जेवढा धोका असतो, साधारण तेवढाच आता तुम्हाला आहे,' असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. आधी मला ते वाक्य अपुरे वाटले. मला शंभर टक्के हवे होते. मग मनात आले, मी आळंदीहून निघतो तेव्हा दिवे घाट सुखरूप चढेन याची हमी कोण देतो? चढणाऱ्या इतर माउलींना जेवढा भरवसा असतो, तेवढ्यावरच मीही निघतो. औषधाकडूनच देवासारखी हमी मागणे हा विश्वास नव्हे. तो संशयाचाच एक हट्ट आहे.

आणि विश्वास ठेवणे हे एकट्या रोग्याचे कर्तव्य नव्हे. ज्याला विश्वास हवा, त्याने तो मिळवावाही लागतो. त्या बाईंनी मला 'घाबरू नका' म्हणून वाटेला लावले असते, तर गोळ्या आजही कोनाड्यात असत्या. त्यांनी माझे पासष्ट वर्षांपूर्वीचे ऐकून घेतले, जुन्या डॉक्टरांना नावे ठेवली नाहीत, टोचण्याआधी काय होईल ते सांगितले आणि खाज सुटली तेव्हा हसण्याऐवजी घसा पाहिला. ज्याची भीती ऐकून घेतली गेली नाही, त्याला मिळालेला कागद नुसता कागद राहतो.

त्या एकादशीनंतर द्वादशीचे पारणे फेडले आणि सूनबाईला हाक मारली. डॉक्टरबाईंना फोन करून विचारले होते. ओट्यावर बसलो. सूनबाई समोर बसली. तिने काही उपदेश केला नाही. गोळी घेतली. काही वेळाने मानेला खाज आल्यासारखे वाटले. मी तिला म्हणालो, "बघ गं, काही उठलंय का?" तिने पाहिले आणि म्हणाली, "काही नाही, मामा." पुन्हा थोड्या वेळाने विचारले, पुन्हा पाहिले. तिने चार वेळा पाहिले आणि चारही वेळा न कंटाळता सांगितले. दुसऱ्या दिवशी मी दोनदा विचारले. आठवड्याने विचारायचे राहून गेले. कंप निवत गेला तो असा. कोणत्या दिवशी गेला, ते मला सांगता येणार नाही.

माउली, आता तुमच्यासाठी चार गोष्टी. वारीच्या वाटेवर औषधोपचाराच्या तंबूत 'कशाची ॲलर्जी आहे का?' असे विचारतात. तिथे नुसते हो किंवा नाही म्हणू नका. कोणत्या औषधाने, किती वर्षांपूर्वी, किती वेळात, नेमके काय झाले, ते आठवून सांगा. घरातल्या वडीलधाऱ्यांना माहीत असेल तर ती असेपर्यंत विचारून ठेवा. ॲलर्जी नोंदलेली असेल आणि ती कधी तपासलेली नसेल, तर तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. पण घरच्या घरी 'बघू या काय होते' म्हणून गोळी कधीही घेऊ नका. ज्यांना पूर्वी धाप लागली, घसा सुजला, शुद्ध हरपली, किंवा अंगाची साल निघून तोंडात-डोळ्यांत फोड आले, त्यांनी तर मुळीच नाही. अशा काहींच्या बाबतीत तपासणीही करत नाहीत. तिथे साप खरा असतो आणि तिथली भीती हीच शहाणपण. आणि तपासणीत 'चालते' असे ठरले, तर ते घरातल्या सर्वांना सांगा, जुन्या कागदांवर तशी नोंद करून घ्या आणि नव्या डॉक्टरलाही तो कागद दाखवा. नाहीतर जुनी नोंद पुन्हा डोके वर काढते. तपासणीत निर्दोष ठरूनही कित्येक रोगी ते औषध टाळत राहतात आणि कित्येकदा डॉक्टरही जुना कागद पाहून टाळतात, असे दिसून आले आहे. दिवा आणायचा, दोरी पाहायची आणि पुन्हा वळसा घालूनच जायचे, असे ते होते.

हरिपाठाचे ते पान मी फाडले नाही. मास्तरांच्या अक्षरातली ओळ खोडलीही नाही. तिच्याखाली तारीख घालून माझ्या हाताने लिहिले, 'तपासले. आता चालते.' सूनबाईने त्याच्या मागे डॉक्टरांच्या कागदाची प्रत शिवून दिली. यंदा आषाढात पाय धरला नाही. पूर्ण वारी चालण्याचे वय राहिले नाही, पण वाखरी ते पंढरपूर चाललो.

तुमच्याही पुस्तकात असे एखादे पान असेल. ते औषधाचे असेल, माणसाचे असेल, एखाद्या घराशी तुटलेल्या बोलण्याचे असेल. कोणी कधी काळी 'तिकडे जाऊ नकोस' म्हटले होते आणि आपण अजून जात नाही. साप खरा असेल तर जाऊच नका. पण एकदा दिवा घेऊन पाहा. आणि दोरी दिसली, तर अंग थरथरत असतानाच एक पाऊल टाका. थरथर थांबेपर्यंत वाट पाहत बसाल, तर मी बसलो तसे कोनाड्याकडे पाहत बसाल.

राम कृष्ण हरि.